यादीतून गाव गाळताना

मोताळा तालुक्यातल्या एखाद्या शेताचा सातबारा ऑनलाइन पाहायचा असेल, तर महाभूलेख या संकेतस्थळावर आधी महसूल विभाग निवडावा लागतो. अमरावती विभाग घेतला की जिल्ह्याच्या चौकटीत राज्यातले 36 जिल्हे येत नाहीत. अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ आणि वाशीम एवढेच पाच येतात. बुलढाणा घेतला की 13 तालुके, मोताळा घेतला की त्या तालुक्याची गावे आणि गाव घेतले की गट क्रमांक. चाळीस हजारांहून अधिक गावांच्या राज्यातून चार-पाच निवडींत माणूस आपल्या बांधावर पोचतो.

हे इतके सरळ वाटते की त्यामागे कुणी काही ठरवले असेल असे मनातही येत नाही. पण प्रत्येक पायरीवर एक निर्णय झालेला असतो: या माणसाला काय दाखवायचे आणि काय गाळायचे. वेब फॉर्ममधल्या ड्रॉपडाउनचे पर्याय सर्व्हरवरच्या कोडने कमी करणे हा प्रोग्रामिंगच्या पुस्तकात पान-दीड पानात उरकला जाणारा विषय आहे. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात मात्र उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, शिष्यवृत्ती, पीकविमा, ई-पीक पाहणी, अकरावीचा प्रवेश हे सगळे याच चौकटींतून जाते. चौकटीत जे नाव नाही ते मागता येत नाही. म्हणून या लहानशा तांत्रिक प्रश्नाचा नीट आढावा घ्यायला हवा असे मला वाटते.

माझे म्हणणे असे. यादी लहान करणे म्हणजे एक नियम लागू करणे आहे. तो नियम सर्व्हरवर एकाच जागी लिहिलेला असावा. पान तयार करताना तोच वापरावा आणि भरून आलेला अर्ज तपासताना पुन्हा तोच. नियमाला लागू होण्याची आणि संपण्याची तारीख असावी. आणि ज्याचे गाव, पीक किंवा प्रवर्ग यादीत सापडत नाही त्यालाही अर्ज पुढे नेता यावा. बहुतेक ठिकाणी यातले पहिले निम्मे काम होते, उरलेले राहून जाते.

ड्रॉपडाउन ही काही नवी वस्तू नाही. नोव्हेंबर 1995 मध्ये एचटीएमएलची दुसरी आवृत्ती प्रमाणित झाली, तेव्हाच त्यात निवडीची चौकट आणि तिच्या आतले पर्याय होते. डिसेंबर 1997 मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीने पर्यायांचे गट पाडण्याची आणि एखादा पर्याय दिसत ठेवून निष्क्रिय करण्याची सोय दिली. सुरुवातीला या याद्या हाताने टंकलेल्या असत. त्याच सुमारास पीएचपी, नंतर एएसपी, जेएसपी आली आणि सर्व्हर प्रत्येक मागणीला नवे पान तयार करून देऊ लागला. 2004-05 मध्ये रेल्स आणि जँगो ही वेब फ्रेमवर्क आली, तोवर टेम्पलेट, म्हणजे मोकळ्या जागा ठेवलेला पानाचा साचा, ही रीत पक्की झाली होती. डेटाबेसमधून गावे काढायची, साच्याला द्यायची, साचा त्यांच्या ओळी करतो.

तेव्हापासून यादी गाळायच्या तीन जागा आहेत: साचा, ब्राउझर आणि सर्व्हरवरचा मुख्य कोड. साच्यात अट घालणे सगळ्यांत सोपे. सगळी गावे साच्याला द्यायची आणि ओळी लिहिताना ‘तालुका जुळत असेल तरच’ असे म्हणायचे. दोन दिवसांत फॉर्म उभा करायचा असेल तर हात तिकडेच जातो. पण साच्याचे काम चित्र काढण्याचे. भरलेला अर्ज परत येतो तेव्हा साच्याला कुणी विचारत नाही, त्यामुळे त्यात लिहिलेली अट तपासणीच्या वेळी हजर नसते. शिवाय हाच फॉर्म उद्या मोबाइल ॲपमध्ये गेला की ती अट तिथे दुसऱ्यांदा लिहावी लागते, आणि दोन ठिकाणी लिहिलेले नियम वर्षभरात एकमेकांपासून फारकत घेतात.

ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने गाळणे वापरणाऱ्याला सुखाचे असते, कारण तालुका बदलताच गावे बदलतात आणि पान पुन्हा उघडावे लागत नाही. सोय म्हणून हे उत्तम आहे आणि मी त्याच्या विरोधात नाही. पण सगळी यादी वापरणाऱ्याच्या यंत्रावर गेलेली असते. पानाचा स्रोत उघडला की लपवलेलेही दिसते.

उरतो सर्व्हर. जँगोमध्ये फॉर्म तयार होताना त्याला लॉगिन केलेली व्यक्ती आणि निवडलेला तालुका कळवायचा, आणि गावाच्या रकान्याला पूर्ण टेबलाऐवजी गाळलेला क्वेरीसेट, म्हणजे डेटाबेसमधून निवडून काढलेल्या नोंदींचा संच, द्यायचा. या पद्धतीची खरी किंमत अर्ज परत आल्यावर कळते. ज्या क्वेरीसेटमधून पर्याय दाखवले त्याच क्वेरीसेटमध्ये आलेले मूल्य आहे का हे जँगो स्वतः तपासतो. नसेल तर ‘योग्य पर्याय निवडा’ अशा अर्थाची चूक दाखवून अर्ज परत करतो. नियम एकदाच लिहिला आणि दोन्ही वेळा लागला. पायथनमधल्या डब्ल्यूटीफॉर्म्समध्येही हे आपोआप होते. पीएचपीतल्या लारावेलमध्ये तपासणीचा नियम वेगळा लिहावा लागतो, पण त्यासाठी तयार सोय आहे. रेल्समध्ये किंवा एएसपी डॉट नेट एमव्हीसीमध्ये दाखवलेली यादी आणि तपासलेली यादी यांचा आपोआप काही संबंध नसतो. प्रोग्रामरने तो जोडला तर जोडला. साध्या पीएचपीत तर काहीच नाही.

जुन्या एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्सची आठवण इथे काढायला हवी. 2005 मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून सर्व्हर स्वतः दाखवलेल्या पर्यायांची खूण पानातच पाठवत असे आणि परत आलेले मूल्य त्यांपैकी नसेल तर अर्ज फेटाळत असे. कल्पना चांगली होती. पण प्रोग्रामर जावास्क्रिप्टने गावे भरू लागले तेव्हा खरी गावेही फेटाळली जाऊ लागली, आणि वैतागून अनेकांनी ती तपासणीच बंद केली. सोयीचा मार्ग आणि सुरक्षेचा मार्ग वेगळे ठेवले की माणसे सोयीचा धरतात.

सर्व्हरने पुन्हा तपासायचे कशासाठी, हा प्रश्न नवे प्रोग्रामर हमखास विचारतात; यादीत नव्हतेच तर येईल कुठून? ब्राउझर सर्व्हरला यादी पाठवत नाही. तो फक्त रकान्याचे नाव आणि एक मूल्य पाठवतो. ते मूल्य कुणालाही बदलता येते. वाईट हेतू नसतानाही ते बदलते. सेतू केंद्रावर सकाळी उघडलेले पान दुपारी सबमिट होते आणि मधल्या वेळेत यादी बदललेली असते. मागे जाण्याचे बटण दाबून तालुका बदलला जातो आणि गाव जुनेच राहते. रोज पन्नास अर्ज भरणारा ऑपरेटर रकाने आपोआप भरणारे एक्स्टेंशन लावतो आणि कालच्या अर्जातले मूल्य आजच्यात शिरते.

बाहेरचे एक गाजलेले उदाहरण आहे. मार्च 2012 मध्ये ईगॉर होमाकोव्ह या तरुण प्रोग्रामरने गिटहबच्या फॉर्ममध्ये, पानावर कुठेही न दिसणारा वापरकर्त्याचा क्रमांक घालून पाठवला आणि रेल्स प्रकल्पाच्या कोडमध्ये लिहिण्याचा अधिकार मिळवून दाखवला. सर्व्हरने आले ते खरे मानले होते. ओवास्प ही संस्था वेबवरच्या मोठ्या धोक्यांची यादी काढते. 2021 च्या यादीत पहिला क्रमांक अधिकार-नियंत्रण मोडण्याचा आहे. ड्रॉपडाउनमध्ये फक्त आपल्या साझ्यातली गावे दिसणारा ग्राम महसूल अधिकारी दुसऱ्या साझ्याच्या गावाचा क्रमांक पाठवू शकत असेल, तर त्याला अधिकार मर्यादित आहेत असे म्हणता येत नाही.

तपासणीत आणखी एक बारीक फट राहते. तालुका खामगाव हे मूल्य बरोबर, गाव लोणार तालुक्यातले हेही मूल्य बरोबर, पण दोन्ही मिळून चूक. एकेक रकाना सुटा तपासला तर असा अर्ज पास होतो. जोडी तपासावी हे खरेच. त्याहून बरे म्हणजे गाव कळले की तालुका आणि जिल्हा सर्व्हरने स्वतःच काढावा आणि फॉर्ममधून आलेले तालुक्याचे मूल्य फक्त यादी दाखवण्यापुरते वापरावे.

इथपर्यंतचा भाग कुठल्याही देशातल्या प्रोग्रामरला लागू आहे. बुलढाण्यात आल्यावर प्रश्न गुंतागुंतीचा होतो, कारण इथला भूगोल एकात एक बसत नाही.

पहिली गोष्ट नावांची. जिल्ह्यात जळगाव जामोद नावाचा तालुका आहे आणि शेजारी जळगाव नावाचा जिल्हा. मलकापूर इथेही आहे, कराडजवळही आहे आणि कोल्हापूरच्या शाहूवाडी तालुक्यातही. सिंदखेड राजा आपला, शिंदखेडा धुळ्याचा. एकट्या बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव काळे, पिंपळगाव राजा, पिंपळगाव देवी आणि पिंपळगाव सराई आहेत, आणि बोलताना प्रत्येकजण आपल्याला नुसते पिंपळगाव म्हणतो. जिल्ह्याचे नावही कागदोपत्री कुठे बुलडाणा, कुठे बुलढाणा. त्यातून ‘ऱ’ हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवता येते, दिसते एकच. म्हणून गाळण्याचा नियम नावावर कधीही लिहू नये, संकेतांकावर लिहावा. पंचायत राज मंत्रालयाची स्थानिक शासन निर्देशिका याच कामासाठी आहे. तिथे जिल्हा, तालुका, गाव, ग्रामपंचायत अशा प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक आहे. मात्र 2011 च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याचा संकेतांक 500 आहे आणि या निर्देशिकेतला वेगळा. दोन खात्यांची माहिती जोडताना कुठला क्रमांक कुणाचा हे टेबलात लिहून ठेवले नाही, तर बुलढाण्याची माहिती भलतीकडेच पोचेल.

दुसरी गोष्ट उतरंडीची. विभाग, जिल्हा, तालुका, गाव ही महसुली उतरंड सरळ आहे. पण सगळेच फॉर्म महसुली नसतात. जिल्ह्यात सात विधानसभा मतदारसंघ आहेत. त्यांपैकी मलकापूर हा लोकसभेसाठी रावेर मतदारसंघात मोडतो, जो एरवी जळगाव जिल्ह्याचा. आता ‘जिल्हा बुलढाणा निवडला की लोकसभा मतदारसंघ बुलढाणा’ असा नियम कुणी लिहिला, तर मलकापूर आणि नांदुऱ्याकडच्या मतदारांना आपला मतदारसंघच दिसणार नाही. पिनकोडचे तेच. बुलढाणा शहर 443001, मलकापूर 443101, मेहकर 443301. पण खामगाव 444303 आणि शेगाव 444203. पिनकोडच्या पहिल्या तीन अंकांवरून जिल्हा ओळखणारा फॉर्म गजानन महाराजांच्या शेगावला अकोल्याकडे ढकलतो. टपाल खात्याने, निवडणूक आयोगाने आणि महसूल खात्याने आपापल्या गरजेने रेषा ओढल्या आहेत. कुठलीही एक रेषा दुसरीच्या आत बसते असे गृहीत धरायला प्रोग्रामरला कोणताही आधार नाही. अशा ठिकाणी आई-लेकरू पद्धतीचा एक रकाना पुरत नाही. गाव आणि मतदारसंघ, गाव आणि पिन यांची स्वतंत्र जोडटेबले करावी लागतात.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एकच गावयादी सगळ्या फॉर्मना चालत नाही. विदर्भात बेचिराग गावे आहेत, म्हणजे वस्ती उठलेली, पण महसुली नोंदीत जिवंत असलेली गावे. तिथे घर नाही, माणूस नाही, पण गट क्रमांक आहेत आणि शेती कसली जाते. रहिवासी दाखल्याच्या यादीत असे गाव येऊन उपयोग नाही. सातबाराच्या आणि पीक पाहणीच्या यादीत ते आलेच पाहिजे. उलट, एखादी वस्ती महसुली गाव नसते, पण लोक तिथे राहतात आणि पत्ता तोच सांगतात. गट ग्रामपंचायतीत दोन-तीन गावे एका नावाखाली असतात. नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवरच्या जिगाव प्रकल्पामुळे गावांचे पुनर्वसन सुरू आहे. तिथे माणूस नव्या गावठाणात राहतो आणि उरलेली जमीन जुन्या गावच्या नावावर असू शकते. घराचा पत्ता आणि शेताचा पत्ता हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लोकसंख्या शून्य असलेली गावे ‘स्वच्छता’ म्हणून एका क्वेरीत गाळून टाकणारा प्रोग्रामर कुणाचे तरी शेत गाळत असतो, आणि त्याला ते कधी कळतही नाही.

काउंटरवर हा प्रकार असा ऐकू येतो: “भाऊ, यात आमचं गावच येत नाही ना.” “साइटवर नाही तर मी काय करू काका, बाजूचं गाव टाकू का?” आणि बाजूचे गाव पडते. त्या क्षणी चुकीची माहिती खरी म्हणून नोंदली जाते. आणि ती चूक यादीने करायला लावलेली असते.

गावांनंतर पिके. प्रधानमंत्री पीकविमा योजनेत कुठल्या क्षेत्रात कुठले पीक अधिसूचित आहे हे शासन हंगामागणिक जाहीर करते आणि आपल्याकडे त्याचे एकक बहुधा महसूल मंडळ असते. खरिपात सोयाबीन, कापूस, तूर, मूग, उडीद, ज्वारी, मका. रब्बीत हरभरा, गहू. म्हणजे पिकाची यादी हंगाम, वर्ष आणि मंडळ या तिघांवर ठरते, आणि एका तालुक्यातल्या दोन मंडळांची यादी सारखीच असेल असे नाही. हा नियम सर्व्हरवर, अधिसूचनेच्या टेबलातून चालायला हवा. शासनाने 2023 च्या खरिपापासून एक रुपयात विमा दिला आणि 2025 मध्ये ती सवलत मागे घेतली. मधल्या काळात राज्यात शेतजमीन नसलेल्या जागांवर काढलेले बोगस विमे उघडकीस आले. फॉर्मच्या शेवटी हमीपत्र घेऊन असे प्रकार थांबत नाहीत. गट क्रमांक, त्याचे सातबारावरचे क्षेत्र, पीक आणि मंडळ यांचा मेळ अर्ज स्वीकारतानाच बसतो का, हे पाहावे लागते. इथे कडक यादी हवी, आणि तिचा फायदा प्रामाणिक शेतकऱ्यालाच होतो.

ई-पीक पाहणीत मात्र उलट आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या या ॲपमध्ये शेतात जे उभे आहे ते नोंदवायचे असते. अधिसूचित काय, हा प्रश्न तिथे नाही. देऊळगाव राजाकडे शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बीजोत्पादन चालते. वाशीमकडे चियाची लागवड वाढली. पाहणीची यादी विम्याच्या यादीइतकी आखडली, तर नव्या पिकाची नोंद जुन्या पिकाच्या नावाने होईल आणि कृषी खात्याला आपल्याच जिल्ह्यात काय बदलते आहे ते दिसणार नाही. तेच दोन रकाने, गाव आणि पीक. पण एका फॉर्मला आखूड यादी लागते, दुसऱ्याला लांब.

काळाचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. 1998 मध्ये अकोल्यातून वाशीम निघाला, 2014 मध्ये ठाण्यातून पालघर. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव, अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. संकेतांकावर चालणाऱ्या प्रणालीला नाव बदलल्याने फरक पडत नाही, विभाजनाने पडतो. प्रवर्गांचे तसेच. मराठा समाजासाठी 2018 मध्ये एसईबीसी, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास, हा प्रवर्ग आला, 5 मे 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, फेब्रुवारी 2024 मध्ये नवा कायदा झाला. मधल्या काळात नव्या अर्जांच्या यादीत तो पर्याय नको होता. पण 2019 च्या प्रवेशाची नोंद उघडणाऱ्या कारकुनाला तो दिसणे आवश्यकच होते. म्हणून पर्याय डेटाबेसमधून पुसू नये. त्याला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखा द्याव्यात आणि सर्व्हरने अर्जाच्या तारखेप्रमाणे यादी काढावी. आजची तारीख प्रत्येक वेळी उपयोगाची नसते.

पर्याय नुसता पुसला तर काय होते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. जुनी नोंद दुरुस्तीसाठी उघडली आणि तिचे मूल्य नव्या यादीत नसले, तर ब्राउझर काही तक्रार करत नाही. साधा ड्रॉपडाउन अशा वेळी यादीतला पहिला पर्याय निवडलेला दाखवतो. कारकून फक्त मोबाइल क्रमांक दुरुस्त करून सबमिट करतो आणि सोबत जिल्हाही बदलून जातो. मराठी वर्णानुक्रमाने जिल्ह्यांची यादी लावली तर पहिला येतो अकोला. अशी चूक वर्षभर चालली तर अकोल्याचे आकडे फुगतील आणि कारण शोधून सापडणार नाही. यावर उपाय सोपे आहेत. पहिली ओळ ‘निवडा’ अशी रिकाम्या मूल्याची ठेवायची आणि रिकामे मूल्य सर्व्हरने नाकारायचे. दुरुस्तीच्या फॉर्ममध्ये चालू यादीला त्या नोंदीचे जुने मूल्य जोडून दाखवायचे. जँगोत ही जोड एका क्वेरीत होते. पण ती करायची आठवण ठेवावी लागते.

याच घरातली आणखी एक चूक. पर्यायांची यादी सर्व्हर सुरू होताना एकदाच वाचली जाते आणि पुढे तीच वापरली जाते. टेबलात नवे गाव घातले तरी सर्व्हर पुन्हा सुरू होईपर्यंत दिसत नाही. जँगोत यादीऐवजी यादी काढणारे फंक्शन देता येते, आणि 5.0 या आवृत्तीपासून मॉडेलच्या पर्यायांनाही ते चालते. मुदतीच्या बाबतीत घड्याळ तपासावे. सर्व्हर जागतिक वेळेवर चालत असेल आणि तारीख तिथूनच घेतली असेल, तर 31 जुलैला रात्री बाराला बंद व्हायची निवड आपल्याकडे 1 ऑगस्टच्या पहाटे साडेपाचपर्यंत खुली राहते.

वेगाचा मुद्दा मी थोडक्यात घेतो, कारण तो लोक समजतात तेवढा कठीण नाही. प्रत्येक निवडीला सर्व्हरकडे जाऊन यावे की सगळी यादी एकदाच पाठवावी? बुलढाणा जिल्ह्यातली साधारण चौदाशे गावे, देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला तीन बाइट धरून, संकेतांक आणि खुणांसह शंभर केबीच्या आत बसतात; दाबून पाठवली तर फारच कमी. सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर आणि जळगाव जामोदच्या आदिवासी गावांत नेटवर्क येते-जाते, तिथे जिल्ह्याची यादी एकदाच पाठवून ब्राउझरमध्ये गाळणे शहाणपणाचे. राज्याची सगळी गावे पाठवली तर तोच आकडा अडीच-तीन एमबीवर जातो, ते नको. जावास्क्रिप्ट चाललीच नाही तर तालुका निवडून ‘पुढे’ दाबता येईल असे साधे दोन पानी रूपही ठेवावे. पद्धत कोणतीही घेतली तरी शेवटची तपासणी सर्व्हरवरच. गावयाद्या क्वचित बदलतात, त्या कॅशमध्ये ठेवाव्यात. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत सर्व्हरचा बराच भार त्याने उतरतो. पण अधिकारानुसार बदलणारी यादी सामायिक कॅशमध्ये कधीही ठेवू नये, नाहीतर एका साझ्याची यादी दुसऱ्याला दिसते.

वर्णानुक्रमाबद्दलही दोन वाक्ये हवीत. मराठीत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, संगणकाच्या क्रमांकांत तो ‘ल’च्या लगेच पुढे आहे. त्यामुळे डेटाबेसला मराठी क्रम सांगितला नाही, तर ‘जवळा’च्या आधी ‘जळगाव’ येते आणि शाळेत शिकलेल्या क्रमाने शोधणाऱ्याला आपले गाव सापडत नाही. पोस्टग्रेसारख्या डेटाबेसमध्ये मराठीचा क्रम लावण्याची सोय आहे, ती वापरावी.

आता उरलेला मुद्दा, जो माझ्या लेखी तांत्रिक तेवढाच नागरिकांच्या हक्काचाही आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 प्रमाणे अधिसूचित सेवेसाठी अर्ज केला की पोच मिळते, कालमर्यादा सुरू होते, आणि सेवा नाकारली किंवा उशीर झाला तर अपील करता येते. हे सगळे अर्ज दाखल झाल्यावर. ज्याचे गावच चौकटीत नाही त्याचा अर्ज दाखलच होत नाही. पोच नाही, क्रमांक नाही, म्हणून मुदतही नाही आणि अपीलही नाही. अधिकाऱ्याने लेखी नकार दिला असता तर दाद मागता आली असती. गाळलेल्या पर्यायावर कुणाची सही नसते.

यासाठी प्रत्येक गाळलेल्या यादीच्या शेवटी ‘माझे गाव यादीत नाही’ असा पर्याय असावा आणि सर्व्हरने तो खऱ्या पर्यायासारखाच स्वीकारावा. तो निवडला की नाव लिहायला जागा उघडावी. अर्जाला नेहमीसारखाच क्रमांक मिळावा, फक्त स्थिती ‘गावाची पडताळणी बाकी’ अशी राहावी. पीकविम्यासारख्या कडक यादीतही हे चालते: विमा लगेच मंजूर होत नाही, पण मुदतीच्या आत अर्ज आल्याची नोंद राहते. तपासणीत फेटाळलेली मूल्येही सर्व्हरने तारखेसह लिहून ठेवावीत. एकाच मंडळातून, वेगवेगळ्या केंद्रांवरून तेच गाव वारंवार फेटाळले जात असेल, तर तो हल्ला नसून यादीतली चूक असण्याची शक्यता जास्त. दर आठवड्याला या दोन्ही नोंदी मंडळवार काढून तहसील कार्यालयाकडे जाव्यात. तिथे ज्याला गावाची खात्री आहे त्याने संकेतांक लावून द्यावा, टेबलात लागू तारखेसह भर पडावी, आणि अडकलेले अर्ज मूळ दाखल तारखेनेच पुढे सरकावेत.